शुक्रवारची सुट्टी

आमच्या यांचं वाळूजला छोटं वर्कशॉप होतं. लेथ मशीनवर एका मोठ्या कंपनीचे सुटे भाग करून द्यायचे. वाळूजच्या कंपन्यांना सुट्टी शुक्रवारी, रविवारी सगळं धडाक्यात चालू. आणि आमचे हे रविवारी शटर उघडायचे नाहीत. शुक्रवारी कंपनी बंद म्हणून काम नाही, रविवारी प्रभूचा दिवस म्हणून काम नाही. शेजारचा वर्कशॉपवाला चिडवायचा, "तुमचं बरंय भाऊ, हफ्त्यात दोन दोन जुम्मे!"

मी म्हणायची, "अहो, कामगारांना तरी येऊ द्या." तर म्हणायचे, "त्यांना घरदार नाय व्हय? जाऊ दे की पैठणला आईबापाकडं."

मग कंपनीत नवीन साहेब आला. त्याला रविवारी माल पाहिजे. यांनी हात जोडले, शनिवारी कितीही उशीर होऊ द्या, माल पोचवतो, रविवार तेवढा सोडा. साहेब म्हणाला, "सोडतो की. तुम्हालाच सोडतो."

त्या रविवारी हे चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहिले, काम गेलं पण प्रभूचा दिवस सोडला नाही म्हणून. सगळी मंडळी आमेन म्हणाली, पाळकांनी मिठी मारली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण दुसरं काम काही मिळालं नाही. होता होता मशिनीसुद्धा विकल्या. त्या आमेन म्हणणाऱ्यांतलं एक माणूस आमच्याकडं साधं चहाला आलं असेल तर शप्पथ!

शेवटी पन्नाशी उलटल्यावर हे दुसऱ्याच्या कंपनीत लागले. सुट्टी शुक्रवारी. पहिल्या रविवारी डबा भरताना माझे हात चालेनात. हे बूट घालून दारात उभे. म्हणाले, "तू जा चर्चला. माझ्या वाटचंपण गा." मेलं, कुणाच्या वाटचं कुणाला गाता येतं का!

परवाच्या रविवारी बाहेरगावचे उपदेशक आले होते. त्यांनी याच मंडळीतल्या एका भावाची गोष्ट सांगितली, ज्यानं धंदा सोडला पण प्रभूचा दिवस सोडला नाही. इतकी रंगवून सांगितली की बाया डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाले, "तो भाऊ इथं असेल तर त्यानं उभं राहावं."

सगळ्यांच्या माना आधी पुरुषांकडं वळल्या, मग माझ्याकडं. आमचे पाळक खाली बघत बसले. हे आता रविवारी कामावर असतात ते त्यांना ठाऊक होतं, उपदेशकांना सांगायला काय झालं होतं? मीच उभी राहिले. "ड्यूटीवर गेलेत," म्हटलं आणि खाली बसले.

संध्याकाळी हे घरी आले. चहा पिता पिता विचारलं, "आज उपदेश कशावर होता?"

"तुमच्यावर."

त्यांना वाटलं मी चेष्टाच करतेय. लई दिवसांनी मोकळं हसले. "असं? मग चांगलं बोलले का वाईट?"

"चांगलंच बोलले. बाया रडल्या. मग तुम्हाला उभं राहायला सांगितलं."

त्यांचं हसू गेलं. "तू काय म्हणालीस?"

"ड्यूटीवर गेलेत म्हटलं. दुसरं काय म्हणणार?"

कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "आता नाताळची सुट्टी मिळाली तरी मी तिथं कोणत्या तोंडानं येऊ गं?"