सरकणारी करवंटी

जयगडातल्या निम्म्या होड्यांवरची नावं सदू पेंटरच्या हातची. आता होडीवाले रेडियमची अक्षरं चिकटवतात, म्हणून सदू घरी बसला. बसला म्हणजे नुसतं म्हणायचं, त्याचं बूड कधी एका जागी टेकलेलं नाही. जन्मभर लोकांची नावं रंगवली, आता हात चालतोय तोवर एक तरी चित्र आपलं म्हणून काढायचं, या ध्यासानं त्याला पछाडलं होतं.

काढायचं काय, तर आपलीच हत्यारं. पडवीत आंब्याची रिकामी पेटी पालथी घालून त्यानं मांडामांड केली. रंग कालवायची करवंटी, ब्रश ठेवायचा चेपलेला चहाचा डबा, टर्पेंटाइन भरलेली लोणच्याची बरणी आणि जुन्या बनियनचं फडकं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर करवंटी सरकलेली. चित्रातली कड जुळेना. सदूनं बायकोला, हेमाला, फैलावर घेतलं. झाडताना धक्का लागला असेल, ती म्हणाली. मग बरणी फिरली. सदूनं वस्तूंभोवती खडूनं रेघा मारल्या, तरी सकाळी काहीतरी हललेलंच. बायकोला कशाची कदर नाही, असं तो वाडीभर सांगत सुटला. हेमा मुकाट ऐकून घ्यायची. ती काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे, पण एवढा विचार करायला सदूला सवड कुठे होती?

श्रावणात ती मालगुंडला माहेरी गेली. आता फत्ते, म्हणत सदूनं दाराला कडी लावली. करवंटी रेघेत, बरणी रेघेत. कड काढली ती वाकडी आली. पुसून पुन्हा काढली, वाकडीच. ब्रश बदलला, तरी तेच. मग त्यानं हात समोर धरून पाहिला. बोटं थरथरत होती. तो घाबरला. जेवण गेलं नाही, दिवसभर घरापुढच्या खळ्यात येरझारा घालत राहिला.

हेमा आली ती पिशवी ठेवून, पदर खोचून थेट पडवीत. सदू दाराआडून बघत होता. तिनं झाडू बाजूला ठेवला आणि दोन बोटांनी करवंटी हळूच सरकवली.

"आता नको सरकवू," सदू म्हणाला. "कळलं मला."

"चाय सांडायला लागलात तेव्हापासना बघतेय," ती म्हणाली. "माझ्यावर ओरडत होतात तोवर बरं होतं. हातावर ओरडून काय करणार होतात?"

वाडीभर केलेली तिची बदनामी आठवून सदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ब्रश उचलला आणि मनगट तिच्यापुढे केलं. हेमानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. रेघ तरी वाकडीच आली. सदू पुढची काढायला लागला.