दुपारची मिस्सा

आज्ञापालन हा आमच्या फादरांचा सर्वांत मोठा सद्गुण होता. बिशपांना त्याचा फार त्रास झाला.

फादर मूळचे वसईचे. तरुणपणीच ते मंडल्याच्या जंगलात, गोंडांच्या एका गावात गेले आणि तिथलेच झाले. मला भेटले ते तिथून काढल्यावर. जबलपूरच्या ज्या मिशन शाळेत मी शिकवत असे, तिथे माझ्या शेजारच्या वर्गात ते भूगोल शिकवत आणि रविवारी मराठी ऐकायला चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरी येत.

काढण्याचे कारण मोहफुले. मोह गळतो पहाटे, आणि ढोरे पोहोचायच्या आत तो वेचावा लागतो. चैत्रातल्या सकाळी गावात माणूस सापडत नाही. म्हणून फादरांनी तेवढ्या दिवसांपुरती रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, दुपारी ठेवली. त्या काळी मिस्सा सकाळीच होई. वेळ बदलायला बिशपांची परवानगी लागे, आणि फादरांनी ती मागितली नव्हती. अशाच एका रविवारी सकाळी बिशप उंच टोपी, दंड अशा सगळ्या इतमामात तिथे अवतरले. चर्चमध्ये एक बहिरी म्हातारी आणि तिच्या शेळ्या होत्या. बिशपांनी तरीही प्रवचन केले. “शेळ्या शेवटपर्यंत बसल्या होत्या,” फादर सांगत.

बिशपांची अट साधी होती : चूक झाली म्हणा आणि त्या गावी परत जा. शाळेतले बाकीचे धर्मगुरू जेवणाच्या टेबलावर फादरांची बाजू हिरिरीने मांडत. बाहेर बिशपांची मोटार वाजली की तेच अंगठीचे चुंबन घ्यायला रांगेत उभे राहत. रांगेत पहिले असत फादर. मी एकदा त्यावरून टोमणा मारला.

“अंगठी पदाची आहे,” ते म्हणाले. “माझं भांडण बोटाशी.”

चैत्र लागला की त्यांचे वर्गात लक्ष नसे. एकदा आईने पिठले वाढता वाढता विषय काढलाच.

“फादरजी, एक वाक्य तर बोलायचं आहे. काहून अडून राहिले?”

“आई, दीक्षेच्या वेळी बिशपांच्या हातात हात देऊन मी आज्ञा पाळायचं वचन दिलं. शाळेत जा म्हणाले, आलो. खोटं बोलायचं वचन नव्हतं दिलं.”

“मग तिकडं लोक वाट पाहून राहिले असतील, त्यांचं काय?”

फादरांनी भाकरी अर्धी टाकली.

ते गाव त्यांना पुन्हा दिसले नाही. शाळेतच हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी त्या गावात कोणी टिकला नाही, चर्चला कुलूप लागले. पुढे मिस्सेच्या वेळेची मोकळीक थेट रोमहूनच आली.

आता शहरातल्या आमच्या चर्चमध्ये रविवारी संध्याकाळी पाचला मिस्सा असते. सगळ्यात जास्त गर्दी तिलाच होते. सकाळी लोकांना झोपायचे असते.