मागे गेलेल्या चेंडूची टाळी

शनिवारी सकाळी नात तोंड पाडून बसली होती. वय वर्षं नऊ, जन्म इथलाच, जपानातल्या उरायासुचा. बोलते मराठीत, रागावते जपानीत. त्या दिवशी मात्र कुठल्याच भाषेत तोंड उघडत नव्हती.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या रविवारी मुलांच्या बेसबॉल संघात तिला पहिल्यांदा सामन्यात उतरवलं. तिने चेंडू मारलाही झकास, आणि मग बॅट हातात घट्ट धरून पहिल्या बेसकडे धावत सुटली. बेसबॉलमध्ये बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. पण आमच्याकडे आजोबांनी तिला बागेत क्रिकेट शिकवलेलं, "काही झालं तरी बॅट सोडायची नाही" असं बजावून. पोरं पोट धरून हसली. आता ती उद्या जाणार नव्हती, पुढच्या रविवारी नाही, कधीच नाही.

लेक मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आई, तू तिला समजवायला जाऊ नकोस हं. तू समजवायला लागलीस की माणूस जास्त बिथरतं."

"मी कशाला समजावू? मी आणि तुझे बाबा मॅचला चाललोय. कुणी येणार असेल तर थालीपीठं जास्त लावते."

थालीपिठाला ती नाही म्हणत नाही.

आम्ही जातो ते मैदान मोठ्या संघाच्या दुसऱ्या फळीचं. फॉर्म हरवलेले, दुखण्यातून उठलेले, नाहीतर मिसरूडही न फुटलेले खेळाडू इथे खेळतात. बाकं निम्मी रिकामी. आमच्याच वयाची जोडपी थर्मास घेऊन येतात आणि दुपारभर हलत नाहीत. इतकं शांत असतं की चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा 'चप्' आवाज वरपर्यंत येतो. मी मध्ये बसले, नात डावीकडे, आजोबा उजवीकडे, पण एक जागा सोडून. ही सोडलेली जागा जुनी आहे. तिच्याविषयी पुढे.

दुसऱ्याच चेंडूला बॅटची कड लागून तो कॅचरच्या डोक्यावरून थेट मागच्या जाळीत गेला. मी दणकून टाळ्या वाजवल्या.

"आजी, यामेते!" नातीने माझे हात धरले. पुरे कर, असं. "फाऊल आहे तो! फाऊल!"

"अगं, किती लांब गेला."

"मागे गेला! मागे गेलेला चालत नाही!"

"कमालच आहे. आमच्याकडे याला चार धावा देतात."

तिने कपाळाला हात लावला, अगदी तिच्या आईसारखा. मग डबा उघडून एका थालीपिठाचे चार तुकडे केले, झाकणावर मांडले आणि मला खेळ शिकवायला बसली. ही पहिली बेस, ही दुसरी, इथून पुढे पळायचं, या रेषेच्या बाहेर गेला की फाऊल. मी ऐकत होते आणि खात होते.

"आजी! तू सेकंड बेस खाल्लीस!"

"मग खेळ थांबला का?"

ती हसली. आठवड्यातलं पहिलं हसू. तेवढ्यात मी म्हटलं, "तुझ्यासारखीच एक बाई होती. तिला पण खेळ फार येत होता."

"कोण?"

"होती एक. पुण्याहून नवीन आलेली. भावांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळलेली, म्हणून चेंडू-फळीतलं आपल्याला सगळं कळतं अशी खात्री. नवऱ्याच्या ऑफिसने सगळ्या बायकांना मॅचला नेलं. ही भर उन्हात सिल्कची साडी नेसून! जपानी धड येत नाही, तरी शेजारणींना हातवारे करून खेळ समजावतेय. आणि चेंडू मागे गेल्याबरोबर ही उभी राहून ओरडली, चौकार!"

"आणि सगळे हसले?"

"हसले असते तर सुटली असती गं. त्या शेजारणींनी सभ्यपणे तिच्याबरोबर टाळ्या वाजवल्या. हळूच. एक मिनिटभर."

नातीने डोळे मिटून घेतले. इथे वाढलेलं पोर ते. ती शिक्षा तिला माझ्यापेक्षा जास्त कळली.

"आणि नवरा?"

"तो एक खुर्ची सरकून बसला."

नातीने माझ्यापलीकडे वाकून आजोबांकडे पाहिलं. आजोबा स्कोअरबोर्ड वाचण्यात गढून गेले होते. स्कोअरबोर्डावर नुसती शून्यं होती.

"मग ती बाई परत गेली मॅचला?"

"बरीच वर्षं नाही. घरात बसून राहिली, सिल्कच्या साडीसारखी घडी घालून. येडपट कुठली."

पुढे मी समजवायला गेले नाही. लेकीची ताकीद होती. मात्र त्यानंतर जो जो चेंडू मागे गेला त्याला मी टाळी वाजवली. फाऊल मला कळतो. नातीच्या जन्माआधीपासून कळतो. पण ही गोष्ट घरात कुणाला माहीत असण्याची गरज नाही.

सामना संपत आला तेव्हा ती वैतागली. "आजी, तुला काहीच कळत नाही. असं सांगून नाही कळणार. तू उद्या ये, मी करून दाखवते."

"किती वाजता?"

ती थबकली. आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. समोरच्या खेळाडूने पुन्हा एक चेंडू मागे घालवला, माझे हात वर गेले.

"सातला," ती घाईने म्हणाली. "पण टाळ्या नाही वाजवायच्या. प्रॉमिस."

मी प्रॉमिस केलं. कागद-डबे आवरून, कचरा पिशवीत घालून घरी आणला.

रविवारी तिची पाळी आली तेव्हा मी हात मांडीखाली दाबून ठेवले होते. तिने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. चेंडू कडेला लागून थेट मागे, जाळीत. पण ती मात्र बॅट दारातल्या चपलांसारखी नीट खाली ठेवून सुसाट पळाली होती. अर्ध्या वाटेवरून पंचांनी परत बोलावलं. कुणी हसलं नाही. मैदान चिडीचूप.

आणि त्या शांततेत एकाच माणसाच्या टाळ्या दणदणीत वाजल्या. एक खुर्ची सोडून, माझ्या उजवीकडून.