न विचारायचा प्रश्न

शप्पीरामावशी परक्या माणसाशी कशी बोलते ते मी करून दाखवलं की तळ्याच्या धक्क्यावरच्या बायका पोट धरून हसतात. मान जराशी तिरकी करायची, माशाच्या पोटातला हात तिथेच ठेवायचा आणि म्हणायचं, "या, बसा सावलीला. ऊन फार आहे, नाही? तुमच्याकडेही असंच असतं का हो? उंट दमलेला दिसतो बाई तुमचा." ऊन, उंट, वाटेतले विंचू, घरी बायको काय रांधते, सगळं सगळं विचारायचं. एकच गोष्ट सोडून. 'माझा नवरा दोस्ताई कुठे दिसला का?' हे मावशीनं विचारायचं नाही.

रोमला शिंक आली की आमचा राजा नाक पुसतो, असं बाबा म्हणतात. अर्थात दार लावून. मी रांगत होते तेव्हा रोमच्या सम्राटानं आर्मेनियाच्या डोंगरात लढाई काढली आणि आमच्या राजानं हौसेनं गालीलची पोरं गोळा करून धाडली. दोस्ताई त्यांत होता. जे परत आले ते म्हणाले, बर्फात वाट चुकलेल्या टोळीत होता तो. मेलेला कुणी पाहिला नाही. जिवंतही नाही.

तेव्हापासून मावशी लोंबकळतेय. लग्नाघरी नवरेवाल्या बायकांत बसायला जावं तर त्या सरकून जागा देतात, पण बोलणं थांबवतात. विधवांत बसावं तर त्या म्हणतात, "अगं, तू कशाला इथे, अभद्र!" मग ती भांडी घासायला उठते. शब्बाथचा, आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावते, दोन भाकरी मांडते, एक खाते. दुसरी सकाळी कोंबड्यांना.

आमच्या धर्मात नवरा मेला असं कुणी सांगितल्याखेरीज बाईला दुसरं लग्न नाही. त्यात आमचे वडीलधारे तसे मऊ आहेत. एकाच माणसाचं सांगणं चालतं, बाईचंही चालतं. परधर्माच्या माणसाचंसुद्धा चालतं, पण ते त्यानं आपणहून, गप्पांच्या ओघात बोललेलं हवं. कुणी विचारलं म्हणून बोलला, की फुकट. योएजर आजोबा न्यायाला बसतात, ते नाकातून बजावतात, "परका माणूस समोरच्याला खूश करायला काहीही सांगेल. विचाऽरलं की नासलं, काय?"

म्हणून मावशीनं मासे खारवायची पाटी धक्क्यावरून उचलली आणि जकातनाक्यापाशी, व्यापाऱ्यांच्या वाटेवर मांडली. शेजारी मला बसवलं. "माझ्या ऐकण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, हिला हवं तेच ऐकू आलं. तुझे कान तिखट आहेत. शब्दाला शब्द सांगशील." माझी काय, चैन होती. अरब, तूर बंदरातले, दमास्कसचे, सगळ्यांच्या बोली फुकटात शिकले.

आणि हनीन. होड्यांची डागडुजी करतो, बायको बाळंतपणात गेली. स्वतःच्या दारात लोकांची जाळी वाळतायत आणि हा बाबा रोज आमच्याकडे मासा विकत घ्यायला हजर!

"कालचा खारट झाला होता का?"

"नाही. बरा होता."

"बरा म्हणजे कसा?"

"म्हणजे... बरा."

एवढं बोलून तो वाटेकडे बघणार, मावशीही वाटेकडे बघणार. कुणीतरी येऊन एक वाक्य बोललं असतं, की दुसऱ्या दिवशी लग्न होतं. पलीकडची तबीता तर ओरडायचीच, "हनीन, अरे गळ टाकून बसलायस की नांगर?"

कापणीच्या दिवसांत एक थ्रेसचा घोडेस्वार आला. सम्राटाच्या पलटणीतला. एक पाय भोपळ्यासारखा सुजलेला. सावलीत धपकन बसला, मासा तोंडात टाकला आणि म्हणाला, "मासा चांगली. मीठ चांगली. माझी पाय वाईट."

मला हसू आवरेना. मावशीनं कोपर मारलं. "कशानं हो सुजला?"

"बर्फ. जुनी बर्फ. आर्मेनिया."

माझं हसू तिथेच थांबलं. मावशीची सुरी मात्र चालूच होती. "तिकडे थंडी फार म्हणे," ती म्हणाली. कांदे महागलेत म्हणावं तशी.

"फार. तुमची लोक पण होती. एक होता, दोस्ताई. ह्या तळ्याचा. सारखी बोलायची, माझी बायको मीठ मोजत नाही, हात सांगते तेवढी घालते. हसायची फार."

हनीन मासा घ्यायला आलेला, तो खांबासारखा उभा. स्वार चावत होता. "एक रात्र, गुहा. तो, मी, अजून दोन. आग नाही. सकाळी..."

सकाळी, म्हणाला आणि त्याच्या दातात काटा अडकला. बोट घालून काढायला लागला. निघेना. मी मनात म्हणतेय, काढ रे बाबा, काढ आणि बोल. इतकी वर्षं थांबलेल्या बाईला फक्त एका काट्यापुरतं थांबायचं होतं.

मावशीची सुरी थांबली.

"मेला तेव्हा," ती म्हणाली, "त्याच्या अंगावर पांघरूण होतं का?"

हनीननं डोळे मिटले.

स्वारानं तोंडातून बोट काढलं. मावशीकडे नीट बघितलं. "नाही," तो म्हणाला. "त्यानं मला दिली. माझी पाय गार होती म्हणून. सकाळी तो दगड. आम्ही वरती दगड रचली." मग उठला आणि लंगडत घोड्याकडे गेला. पलटण दक्षिणेला निघाली होती, थांबणार कोण?

दुसऱ्या दिवशी सभाघरात न्यायाला बसलेल्यांपुढे मी सगळं म्हणून दाखवलं. थ्रेसचा स्वार असा हुबेहूब वठवला की योएजर आजोबांच्या शेजारचे म्हातारे दाढीत हसले. फक्त मावशीचं वाक्य आणि पांघरुणाचं उत्तर तेवढं गिळलं. 'सकाळी' वरून सरळ 'तो दगड' वर उडी.

"आपणहून बोलला? काय?" आजोबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, तर मागून मावशी म्हणाली, "नाही. मी विचारलं, 'मेला तेव्हा त्याच्या अंगावर पांघरूण होतं का?'"

आजोबा पुढे वाकले. नाकातला आवाज गेलाच एकदम. "शप्पीरा, पोरीनं सांगितलं ते आम्ही ऐकलं. तू काही बोललीच पाहिजेस असं नाही, बाळ."

"त्यानं पांघरूण देऊन टाकलं, हे मी विचारलं म्हणून कळलं, आजोबा. ते मला ठेवायचंय. मग विचारलेलंही ठेवायला नको का?"

म्हातारे बराच वेळ कुजबुजले. एकजण म्हणाला, पांघरुणाचं विचारलं तिनं, मरणाचं कुठे? पण 'मेला तेव्हा' हे शब्द आधी तिच्या तोंडून निघाले होते. आजोबांनी मान हलवली. दोस्ताई जिवंत धरायचा.

घरी येऊन मावशीनं सुतकात फाडतात तसं गळ्यापाशी वस्त्र फाडलं आणि जमिनीवर बसली. आमच्यात मयताच्या घरी पहिलं जेवण त्या घरचं नसतं; शेजारी मसूर शिजवून नेतात. पण मसूर नेणं म्हणजे दोस्ताई मेला म्हणणं, आणि न्याय तर उलटा झालेला. माझ्या आईनं मसूर शिजवला, झाकला, उंबऱ्यापर्यंत नेला आणि परत आणून ठेवला. तबीताच्या घरातूनही तोच वास येत होता. हनीन भांडं घेऊन वळणावर आला, उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला. मग होड्यांकडे उतरून गेला.

आळीभर मसूर शिजलेला, आणि मावशीच्या दारात कुणी नाही.

उन्हं उतरल्यावर तिच्या छपरातून धूर निघाला. आई दारातून बघत होती. "चूल पेटवली बघ तिनं, स्वतःच," ती म्हणाली आणि आत गेली.