तोल्किन अकांच्या मांजरीची शिकवणी

उझबेकिस्तानातल्या चिरचिकच्या कारखान्याचा पोहण्याचा तलाव होता तोवर होसियत ओपाला, म्हणजे होसियतताईला, गावात मान होता. एकतीस वर्षं तिने तिथे पोरांना पाण्यात उतरवलं आणि धडधाकट बाहेर काढलं. मग तलाव बुजवून तिथे लग्नाचा हॉल उभा राहिला. ओपाला पेन्शन मिळाली आणि गळ्यातली शिट्टी घरी न्यायची परवानगी.

गावातून कालवा वाहतो. दर उन्हाळ्यात तो एखाददुसरं पोर घेऊन जातो. म्हणून ओपा दारोदार हिंडली. "मुलींना पाठवा, मी शिकवते, फुकट शिकवते." लोकांनी तिला ओसरीवर बसवलं, नान मोडून पुढे ठेवली, चहा पाजला. मुलगी मात्र एकानेही पाठवली नाही.

"पोरींना पोहून काय करायचंय, ओपा? घरात नळ आहे की," सिमेंटचे व्यापारी तोल्किन अका म्हणाले. अका म्हणजे दादा आणि तोल्किन म्हणजे लाट. या लाटेला स्वतःला घोट्याच्या वरचं पाणी कधी लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी याच अकांनी अंगणातलं चेरीचं झाड पाडून निळ्या फरशीचा हौद बांधला. साडूकडे होता, म्हणून. त्यात कुणी उतरत नसे. पाहुणे काठावर बसून खरबूज खात आणि पाणी किती निळं आहे ते बोलत. मे महिन्यात एका रविवारी अकांच्या बायकोची, नसीबाची लाडकी मांजर मोमिक चिमणीमागे धावता धावता त्यात पडली. चारही भिंतींना नखं मारत ती गोल गोल फिरत राहिली. नसीबा काठावरून तिला नावाने हाका मारत होती. अका हौद रिकामा करायचे हुकूम सोडत होते. शेवटी म्हाताऱ्या माळ्याने पानं काढायच्या जाळीने मांजर उचललं.

दुसऱ्या दिवशी नसीबा खिम्याचे गरम सामसे घेऊन ओपाच्या दारात हजर. "ओपा, शिकवणी लावायची आहे. आमच्याच हौदात."

ओपाने खुंटीवरची शिट्टी काढली, पोहायचा जुना पोशाख धुऊन वाळवला आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच गेली. नसीबाने तिच्या हातात मांजर ठेवलं.

"हिला?" ओपाने विचारलं.

"मग कुणाला?"

"मला वाटलं, तुमच्या नातीला. ओयजमोलला."

"तिला कशाला? तिला आम्ही पाण्याजवळ फिरकूच देत नाही."

नऊ वर्षांची ओयजमोल त्या वेळी हौदाच्या अगदी कडेला, पायाची बोटं बाहेर काढून उभी होती. ओपा परत निघाली होती, ती थांबली.

"मांजराला पोहता येतं," ती म्हणाली. "बाहेर कुठून पडायचं तेवढं कळत नाही, म्हणून दमून बुडतं." तिने माळ्याकडून एक फळी आणवली, तिच्यावर जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकला आणि फळीचं एक टोक पाण्यात सोडून ती पक्की बांधून घेतली. मग मोमिकच्या पोटाखाली हात धरून तिला फळीपासून वीतभर अंतरावर सोडलं. मोमिक नखं रोवत वर चढली. वर उकडलेली कलेजी ठेवलेली होती. मग हातभर अंतर, मग दोन हात. तिसऱ्या दिवसापर्यंत ओपाच्या दंडांवर इतके ओरखडे झाले की शेजारीण म्हणाली, "सुनेशी भांडलीस की काय?"

चौथ्या दिवशी ओपाने आयुष्यातली पहिली थाप मारली.

"परक्या माणसाकडून मांजर शिकत नाही. घरातलं कुणीतरी बरोबर पाण्यात हवं. तुम्ही उतरता का, नसीबा?"

नसीबा दोन पावलं मागे सरली. अकांना त्याच क्षणी एक महत्त्वाचा फोन आठवला. मग उरलं कोण?

"मोमिकसाठी असेल तर उतरू दे पोरीला," अका फोन कानाला लावूनच म्हणाले.

मोमिक नऊ दिवसांत तयार झाली. हौदाच्या कुठल्याही कोपऱ्यात सोडा, ती थेट फळी गाठायची. पण ओपा रोज नसीबाला सांगे, "अजून कच्ची आहे." ओयजमोल अजून कच्ची होती.

बातमी पसरली. हौदवाल्या घरांतून बोलावणी येऊ लागली. बाजारात लोक ओपाला मांजरांची मास्तरीण म्हणून हाका मारत आणि ती ओ देई. ऑगस्टपर्यंत सात मांजरं शिकली आणि अकरा मुली. एका घरी तर मांजरच नव्हतं. तिथल्या आईने दुसऱ्या दिवशी कुठूनसं एक मरतुकडं पिल्लू पैदा केलं.

एका दुपारी अका दुकानातून लवकर घरी आले. ओयजमोल हौदाच्या खोल भागात हात मारत होती. मोमिक द्राक्षाच्या मांडवाखाली झोपली होती, पार कोरडी.

"मांजर पाण्यात का नाही?" अकांनी विचारलं.

"आज तिला सुट्टी आहे," ओपा म्हणाली.

अका हौदाच्या काठापर्यंत आले. ओयजमोल पलीकडच्या काठाला हात लावून परत आली, फळीकडे न जाता लोखंडी शिडीने वर चढली आणि निथळत आजोबांसमोर उभी राहिली. "आजोबा, बघितलंत?"

"आत जा, कपडे बदल," एवढंच बोलून ते घरात गेले. ओपाने शिट्टी पिशवीत टाकली. उद्यापासून आपल्याला बोलावणं नाही, असं ती धरून चालली.

बोलावणं आलं, तेही पुलावाचं. रविवारी साडू आणि त्याचं सगळं घर आलं होतं. अकांनी पाहुण्यांना काठावर उभं केलं आणि ओयजमोलला हौदाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," अका साडूला सांगत होते, "मुलीच्या जातीला पोहता आलंच पाहिजे. नसीबा नाहीच म्हणत होती. पण मी ठरवलं म्हणजे ठरवलं."

नसीबाने ओपाकडे पाहिलं. ओपाने पुलावातलं एक गाजर नसीबाच्या ताटात सरकवलं आणि खाली मान घालून जेवत राहिली. थोड्या वेळाने साडूची बायको तिच्याशेजारी येऊन टेकली आणि हळूच म्हणाली, "ओपा, आमच्याकडे दोन मुली आहेत. मांजर कसलं लागतं?"