बिनधुराच्या दारूचे तात्या

माझ्या थोरल्या बहिणीच्या चुलतसासऱ्यांमुळे मी नोकरीत टिकलो, हे आधी सांगतो. काय झालं ते मग. त्यांना मी तात्या म्हणतो. कासारवाडी स्टेशनापासून पार थेरगावच्या मळ्यांपर्यंत, धुरावर त्यांच्याइतका दात असलेला दुसरा माणूस जन्माला आलेला नाही असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या बाईची चूल धुमसली की तात्या भिंतीअलीकडून खोकत, आणि तो खोकला नसे, शेरा असे. घरात उदबत्तीला बंदी होती. देवाला ते तुपाचं निरांजन ओवाळून मोकळे होत आणि देवाचीही तक्रार नव्हती. "धूर म्हंजे अर्धवट काम," ते म्हणत. "पुरं जळलं तर धूर कशापायी यील?"

तात्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात बिनधुराच्या दारूच्या खात्यात होते. तोफेच्या आणि रॉकेटच्या पोटात जी दारू जळते आणि त्यांना पुढं ढकलते, ती तिथं तयार होई. तिचा इतिहास ते असा सांगत, जणू आदल्या पाळीला ते स्वतः हजर होते. पूर्वी सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू होती. एक बार काढला की तोफेपुढं ढग उभा राही. मग गोलंदाजाला दुश्मन दिसत नसे, दुश्मनाला मात्र ढगावरून गोलंदाज नेमका सापडे. पुढं विलायतेकडे कुणा विद्वानानं घरात सांडलेलं तेजाब बायकोच्या सुती फडक्यानं पुसलं आणि फडकं शेगडीपाशी वाळत घातलं. ते भप्पकन जळून नाहीसं झालं. ना राख, ना धूर. इथं सगळे त्या विद्वानाचं कौतुक करत. तात्यांना काळजी त्या बाईची. "फडकं कुटं गेलं म्हनून तिनं इचारलं असंल, तर त्यो काय बोलला असंल?" असं ते दर वेळी विचारत.

उमेदीची वर्षं त्यांनी कापूस धुण्याच्या खात्यात काढली होती. तेजाबात भिजवलेला कापूस उकळत्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. तेजाबाचा अंश आत राहिला तर तयार झालेली दारू कोठारात पडल्या पडल्या नासते, तापते आणि कधीतरी आपली आपण पेटते. तात्यांच्या भाषेत, न धुतलेला कापूस मनात राग धरतो. ही भीती त्यांनी घरी आणली होती. तांदूळ इतके धुतले जात की भाताला भाताची चव उरत नसे. सदरे धुऊन धुऊन असे विरले होते की तात्या उन्हात उभे राहिले की जानवं आहे की नाही हे रस्त्यावरून कळे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सुरुवातीला कुरकुर केली असणार. मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्या तात्यांच्या वरताण झाल्या होत्या.

दुसरा जाच दाराशी. कारखान्याच्या फाटकावर काडेपेटी, विडी, खिळ्यांचे बूट, सगळं काढून घेत. तात्या घराच्या उंबऱ्यावर तेच करत. लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या मामाच्या खिशातली काडेपेटी त्यांनी नम्रपणे काढून कोनाड्यात ठेवली आणि लोखंडी बकलाचा पट्टा सोडायला सांगितलं. मामा उठून निघाले होते. मुलाच्या बापानं त्यांना धरून बसवलं. म्हणाला, इतक्या जपणुकीच्या घरातली पोरगी आपल्याकडं काही फोडणार नाही. लग्न जमलं.

मी परभणीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. वडील गेल्यावर आई आणि धाकटी भावंडं माझ्यावर आली, आणि बहिणीच्या शब्दाखातर तात्यांनी मला राहायला जागा दिली, साहेबांना सांगून हंगामी म्हणून आपल्याच खात्यात घेतलं. तोवर ते दारू मळायच्या खात्यात आले होते. तिथं त्या धुतलेल्या कापसात नायट्रोग्लिसरीन घालून कणकेसारखा गोळा मळतात आणि शेवयांसारखा साच्यातून काढतात. काही दोऱ्यांना मधून आरपार भोक असतं. ते का, हे तात्यांनी मला पपईच्या देठाचा तुकडा हातात देऊन समजावलं: बाहेरून जळत जाईल तशी नळी बारीक होते, पण आतलं भोक मोठं होत जातं, म्हणून आग शेवटपर्यंत एकसारखी राहते. मी मान हलवली. खरं तर माझं लक्ष नव्हतं. पहिल्याच दिवशी माझं डोकं असं ठणकायला लागलं होतं की कानशिलं फुटतील. चेहरा लाल, छातीत धडधड. मला वाटलं हा मेंदूचा आजार आहे; आईला काय कळवायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो.

तात्या हसले. "घाबरू नगं. दारूनं तुजी वळख करून घेतली. चार दिसांत सोडंल." तसंच झालं; नायट्रोग्लिसरीनची अंगाला सवय झाली आणि ठणका थांबला. पण एक मेख होती. रविवारची सुट्टी झाली की शरीर ती ओळख विसरे आणि सोमवारी कामाला लागून तास-दोन तास झाले की डोकं पुन्हा धरे. जुनी माणसं त्यावर एक युक्ती करत: कामावरची न धुतलेली टोपी सुट्टीतही डोक्यावर ठेवायची. कडेला लागलेला दारूचा अंश ओळख जिवंत ठेवतो. मात्र कामाचं कापड फाटकाबाहेर नेणं हा गुन्हा. तात्यांनी ते जन्मात केलं नव्हतं. ते सोमवारी मुकाट्यानं डोकं धरून काम करत.

हंगामी लोकांना कायम करायचं ठरलं आणि माझी डॉक्टरी तपासणी नेमकी सोमवारी आली. सकाळी कामावर हजेरी लावायची आणि तिथूनच दवाखान्यात जायचं. माझी झोप उडाली. आदल्या साली एकाला छातीच्या ठोक्यांवरून घरी पाठवलं होतं. मला पाठवलं तर घरी चूल कशावर पेटणार? शनिवारी घरी आल्यावर तात्यांनी डब्याच्या फडक्यातून आपली कामावरची टोपी काढली. फाटकावर त्यांची झडती कुणी घेतच नसे, कारण विचारण्याआधीच ते स्वतः खिसे उलटे करत. "उद्या दिसभर घालून बस," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी मी उठलो तर टोपी दोरीवर वाळत होती. काकूंनी गरम पाण्यात, सोडा घालून, पुन्हा पुन्हा धुतली होती. पांढरीशुभ्र. तात्या तिच्याकडे बघत राहिले.

"कुनी सांगितलं व्हतं?"

"सांगाया कशाला पायजे? घान टोपी घरात ठिवायची व्हय? तुमीच म्हनता, न धुतलेलं राग धरतं."

आयुष्यभर स्वतःच शिकवलेलं. रागवायला जागाच नव्हती. तात्या म्हणाले, "बरूबर हाय," आणि अंगणात जाऊन बसले.

सोमवारी दवाखान्यात पोचेतो माझं डोकं फुटायला आलं होतं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले. तेवढ्या वेळात मी परभणीपर्यंत जाऊन आलो. तेवढ्यात दारातून तात्यांचा आवाज आला. काम टाकून आले होते. "सायेब, पोरगं निरोगी हाय. चूक माजी. म्या टोपी घरी न्हेली व्हती ह्याच्यासाठी, ती मंडळींनी धुतली, म्हनून त्याचं डोकं दुकतंय."

डॉक्टर हसले. "अहो, दारू मळणाऱ्या माणसाचं सोमवारी डोकं दुखलं नाही तरच मी काळजी करतो. हे मला ठाऊक नाही का? याला पास केलंय मी केव्हाच."

मी श्वास सोडला. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुरक्षा अधिकारी बोटाला पट्टी बांधून घ्यायला बसले होते. त्यांनी मान वर केली. "कुठली टोपी?"

तात्यांनी एक शब्द फिरवला नाही. इतक्या वर्षांची चोख नोकरी म्हणून ती वाचली. पण त्यांना दारूच्या खात्यातून काढून फाटकाजवळच्या बागेत झाडांना पाणी घालायला ठेवलं. मी कायम झालो. मला नंतर कळलं की त्या हिवाळ्यात तात्यांची माळावर जायची पाळी होती. आमच्या दारूची चाचणी घेताना माळावर तोफ डागतात, आणि निवृत्तीला आलेल्या एखाद्या जुन्या माणसाला साहेब ते बघायला घेऊन जात. आयुष्यभर दारू मळून तात्यांनी तोफ सुटताना कधी पाहिली नव्हती. ती पाळी गेली.

आता ते निवृत्त होऊन थेरगावला लेकीकडे असतात. मी निगडीहून कधी रविवारी जातो. फळं नेली तर शेजाऱ्यांत वाटून टाकतात, धोतरजोडी नेली तर परत माझ्याच पिशवीत घालतात. त्या सोमवारचा विषय काढला की आईची तब्येत विचारतात. फक्त एकदाच, मी निघताना, दुसरीकडे बघत म्हणाले, "लई जन म्हनतात, तोफ सुटली की थोडासा धूर येतोच. खरं का रं?"

मला माहीत नव्हतं. मीही अजून पाहिलेलं नाही. पण चाचणीच्या खात्यात बदली मागून बसलोय, आणि साहेबांच्या मागं मी किती लागू शकतो हे साहेबांना अजून कळायचंय. तात्यांचे गुडघे चालताहेत तोवर एक दिवस मी त्यांना त्या माळावर नेऊन उभं करणार आहे. कानात कापसाचे बोळे घालून देईन, आणि धूर येतो की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.