तुरीच्या बियाण्यात निघालेली झुरळं

मित्रांनो, घरात तान्हं बाळ असताना कुणाकडे झुरळं झाली असतील, तर खाली लिहा. मी फार घाबरलो आहे.

आज दुपारी आई ताईच्या खाटेजवळ बसून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर लावायचं तुरीचं बी निवडत होती. तिला कमी दिसतं. घर झाडताना तपकिरी दाणा सापडला, की ती तो बियाण्याच्या डब्यात टाकते. डबा खाटेखालीच असतो. ताई बाळंतपणासाठी आली आहे, बाळ तिच्याजवळ झोपतं.

एक दाणा मला लांबट दिसला. त्याच्या कडेला पर्सच्या चेनसारखे बारीक दाते होते.

"आई, हे बी नाही."

"तूरच होय ते. कधी धुऱ्यावर आला असता तं समजलं असतं तुले."

तेवढ्यात तिच्या बोटांत तो दाणा कडेने फाटला आणि आतून पांढरी पिल्लं निघाली. आई म्हणाली, "उधई होय." पण उधई, म्हणजे वाळवी, इतकी जोरात पळत नाही. यांच्या मिशा लांब होत्या आणि सगळी खाटेखालच्या अंधारात पळाली. ती झुरळंच होती आणि तो दाणा म्हणजे त्यांच्या अंड्यांची पिशवी.

डब्यात तसे आणखी दाणे निघाले. ते आम्ही चुलीत टाकले. पळालेली पिल्लं मात्र सापडली नाहीत. बाळाच्या खोलीत औषध फवारायची हिंमत होत नाही. ताईने बाळाला टोपरं घालून कान झाकले आहेत.

आई मघापासून टॉर्च घेऊन खाटेखाली पाहते आहे. मध्येच तिने हळूच विचारलं, "कानात तं नाही जात ना रे, बापू?"

मी नाही म्हणालो. खरंच जात नाहीत ना?